पाण्यातून काढलेली क्रेपची साडी

हळद उतरायच्या आत हे पलटणीत परत गेले. लढाईचा काळ. घर पाहुण्यांनी भरलेलं, माझा पदर नाकापर्यंत. यांनी माझं तोंड धड बघितलं असेल तर शपथ. जाताना पुण्याच्या छावणीबाजारातून आणलेली क्रेपची साडी हातात दिली नि म्हणाले, "ही नेसून कराडात फोटो काढ आन् धाड. बायकूचं तोंड तरी ध्यानात ऱ्हायला पायजे."

तसलं कापड मी कधी हाताळलं नव्हतं. चकाकी नाही, कडकपणा नाही. बोटांना बारीक रव्यासारखं लागायचं, अंगावर सोडलं की गपगुमान खाली ओघळायचं. मुठीत चुरगाळलं तरी चुणी पडत नसे. दुपारी घरात कुणी नसलं की मी ती मांडीवर घेऊन बसायची. दुसरं बोलायला होतंच कोण?

आमच्याकडं कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावत नाहीत. सासूबाईंनी मायेनंच ती कढत पाण्यात बुडवली. वाळल्यावर बघते तर पन्हा वीतभर आटलेला. नेसले, तर निम्म्या पोटऱ्या उघड्या.

गावचा शिंपी म्हणाला, "आवं, ह्येच्या सुताला लय पीळ असतोय. पाणी लागलं की त्यो आवळतो. कोरडीच नेसायची हुती."

घ्या. बैल गेला आणि झोपा केला. साडीची नणंदेला दोन पोलकी झाली, उरल्या तुकड्यात तिच्या लेकराचं अंगडं. मामंजी म्हणाले, "साडीच न्हाई, तर फोटू कशाचा?" लुगड्यावर काढू म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नवी सून फोटो मागते म्हटल्यावर गावानं नखरेल ठरवलं असतं. रडले ते चुलीपुढं, धुराच्या नावाखाली.

लढाई संपली. गावचे सगळे जवान एकाच गाडीनं यायचे होते, म्हणून घराघरातली माणसं बैलगाड्या जुंपून कराडच्या स्टेशनात गेली. आम्ही बायका पदर सावरून एका बाजूला उभ्या. हे उतरले, आईच्या पाया पडले, आमच्याकडं वळले. एकेक तोंड न्याहाळत पार शेवटापर्यंत गेले आणि परत आईजवळ आले.

"आये," हळूच विचारलं, "ह्यातली आपली कंची?"

मी तर यांना डब्याच्या दारातच ओळखलं होतं.