शेवटचा अर्धा तास

प्रयागबाईला पिक्चर कसा वाटला, हे तिला कधी कुणी विचारलं नाही. विचारायची वेळच ती येऊ द्यायची नाही. सकाळी वावरात पाय ठेवला, पदर डोक्याला बांधला, खुरपं हातात घेतलं की तिचं सुरू व्हायचं, आणि बांधावरच्या म्हशीलाही कळेल एवढ्या आवाजात सुरू व्हायचं.

वाशीमपासून सात-आठ किलोमीटरवर भगवंतरावांचा भाजीपाला आहे. कांदा, मेथी, वांगी, बाजाराला लागेल ते. तिथं निंदायला दहा-बारा बाया जातात, आणि त्यांच्यात प्रयागबाईची पात, म्हणजे निंदायची ओळ, नेहमी मधली. ही व्यवस्था खुद्द भगवंतरावांनी लावलेली. त्यांना पिक्चरचा काडीचा नाद नव्हता, पण प्रयागबाई मधात बसली की दोन्ही टोकांच्या बायांना ऐकू जातं आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं कुणी उठत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मारामारी आली की खुरपी झपाझप चालायची. रडारड आली की ढिली पडायची, आणि मग बांधावरून भगवंतराव ओरडायचे, "प्रयागबाई, मारामारी येऊ द्या वं जरा!"

पिक्चर बहुतेक साऊथचे, हिंदीत बोलणारे. नाव तिला कधी आठवायचं नाही. मत मात्र पक्कं असायचं. हिरोला ती जावई पाहावा तसं पाहायची. "दिसाले चांगला हाये, पन दिवसभर गाडीवर फिरते. काम काय करते थे दोन घंट्यात नाई दाखोलं. अशाले पोरगी देऊ नोको." हिरोईन शेतात नाचली की म्हणायची, "कोनाचा हरभरा तुडवला तिनं? मालक कोठी गेला व्हता?" बाया खो खो हसायच्या. उन्हाचा चटका त्या हसण्यात थोडा कमी लागायचा, एवढं तर तिचं श्रेय होतंच.

आता हे पिक्चर ती पाहायची कसे, तेही सांगतो. मुलगा गजेंद्र पुण्याला कंपनीत आहे. त्यानं जुना मोबाईल आईला दिला आणि रिचार्ज तोच मारतो. रोजचं दीड जीबी नेट. दिवसभर मोबाईल घरी राहायचा, नवऱ्याजवळ, जगदेवजवळ. पाच वर्षांपूर्वी त्याला लकवा झाला, उजवा हात पडला. तो डाव्या हाताने शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतीचे, व्हिडिओ पाहायचा. कुणाची बैलजोडी किती सेकंदात सुटली, हे त्याला तोंडपाठ. संध्याकाळी प्रयागबाई चुलीपुढं बसली की मोबाईल मिठाच्या डब्याला टेकवायची आणि उरलेल्या नेटवर पिक्चर लावायची. भाकरी थापता थापता अर्धा पिक्चर, भाजी शिजेपर्यंत बाकीचा.

जगदेवचा तो हात पडण्याआधी काय काय करायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. प्रयागबाई दोनदा माहेरी रिठदला निघून गेली होती आणि दोनदा परत आली होती. दोन्ही वेळा जगदेवनं चार माणसांत कान धरले होते. पहिल्या वेळी महिना टिकला, दुसऱ्या वेळी दहा दिवस. लोक आता म्हणायचे, जगदेव सुधारला. प्रयागबाई काही बोलायची नाही. तो सुधारला नव्हता, त्याचा हात पडला होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर तो अजून डाव्या हाताने ताट सरकवून द्यायचा.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कांद्याचं निंदण सुरू होतं, आणि पंचफुलाबाईच्या पातीशेजारी तिची लेक निकिता बसायला लागली होती. बावीस वर्षांची. मंगरूळपीरकडच्या एका खेड्यात दिलेली. दिवाळीला आली ती गेलीच नव्हती. काहून गेली नाही, हे कुणी विचारलं नाही, कारण पहिल्या दिवशी तिनं बाही वर केली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं होतं. पंचफुला विधवा बाई. पोरगी घरात ठेवावी तर गाव बोलतं, धाडावी तर काळीज धजत नाही. जावयाचे फोन यायचे. रडायचा म्हणे फोनवर.

त्याच दिवसांत प्रयागबाईनं तो पिक्चर लावला. एक बाई असते. नवरा मोठा साहेब, घर मोठं, आणि मारतो. ती एक पिशवी घेऊन भावाकडे निघून जाते, शिवणकाम शिकते. प्रयागबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते चुलीच्या धुरावर ढकलता आलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. मग तो नवरा भावाच्या दारात येऊन उभा राहतो, हात जोडतो. बाई आतून कडीला हात लावते. आणि तिथंच नेट संपलं. पडद्यावर गोल चकरी फिरत राहिली. त्या दिवशी जगदेवनं शंकरपट जरा जास्तच पाहिले होते.

शेवटचा अर्धा तास राहून गेला. सकाळी भाकरी थापायच्या की पिक्चर पाहायचा? आणि वावरात जाऊन 'शेवट पाह्यलाच नाई' म्हणावं, तर मधल्या पातीची अब्रू काय राहिली? प्रयागबाईनं विचार केला तो एवढाच. रस्त्यानं चालता चालता तिनं शेवट मनानं जुळवून टाकला.

वावरात तिनं पिक्चर रंगवून सांगितला. रडण्याच्या जागी ती अर्थातच रडली नाही. वावरात रडण्याला कोण विचारतं, तिथं हसवणाऱ्याची चलती. कडीपाशी आली तेव्हा खुरपी थांबली होती.

"मंग?" रूपाली नावाची एक पोरसवदा सून पलीकडच्या टोकावरून ओरडली. "उघडलं का दार?"

"उघडलं ना वं! न उघडून सांगते कोनाले? थो पडला पायावर. ढसाढसा रडला. घेऊन गेला तिले गाडीत बसवून. आन मंग असा सुधरला, असा सुधरला, का रोज सकाळी थोच चहा करून दे तिले."

"माय वं!" बाया हसल्या. "चहा?"

"हाव. अद्रक टाकून." प्रयागबाईला आता चेव आला होता. "पन माहं म्हननं इचारसान तं, तिनं आंधीच जायले पाह्यजे व्हतं. उगाच दोन घंटे वाढोला पिक्चर. म्या तं म्हन्लं, जाय वं बाई, भाजी करपून राह्यली माही!"

सगळं वावर हसलं. भगवंतरावही हसले. निकितासुद्धा हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. मग तिनं हळूच विचारलं, "मावशी, थो मंग खराच सुधरला का? पुना नाई मारलं?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. प्रयागबाई म्हणाली, "नाई बाप्पा. एकडाव दूर गेली ना बाई, का मानसाले किंमत समजते."

हे वाक्य कुठून आलं, तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या उभ्या आयुष्यात तसं घडलं नव्हतं. पण बोलताना बरं वाटलं. बायांनी माना हलवल्या, आणि पात पुढं सरकली.

पाचव्या दिवशी निकिता गेली. जावई स्वतः मोटरसायकल घेऊन आला होता. पंचफुलाच्या पाया पडला, चार घरी चहा प्याला. पहिले आठ-दहा दिवस निकिताचे फोन आले, बरं आहे म्हणे. प्रयागबाईनं ते ऐकलं आणि दुसरा पिक्चर सांगायला घेतला, त्यात एक भूत होतं.

तेविसाव्या दिवशी निरोप आला. सासरचे म्हणत होते, पायरीवरून पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पायरीवरून पडलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत, हे पंचफुलानं तिथंच मोठ्यानं सांगितलं आणि ती खाली बसली. जावयाला पोलिसांनी नेलं. केस चालू आहे, चालू राहील.

प्रयागबाई मातीला गेली होती. परत आल्यावर तिनं तीन दिवस मोबाईलला हात लावला नाही. चौथ्या दिवशी कामाला न जाता घरीच राहिली, भर सकाळी जगदेवच्या हातातून मोबाईल घेतला, तो पिक्चर शोधला आणि जिथं थांबला होता तिथून लावला. जगदेव काहीतरी गुरगुरला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईनं कडी काढली. नवरा पुढं झाला. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, तुम्ही जा. त्यानं आधी हात जोडले, मग हात उगारला. शेजारी बाहेर आले. तो गेला. तिनं दार लावलं, मशीनपाशी बसली, आणि पिक्चर संपेपर्यंत शिवत राहिली. बाकी त्या अर्ध्या तासात फार काही नव्हतं. वावरात सांगितलं असतं तर कुणी हसलंही नसतं.

त्यानंतर प्रयागबाई कामाला जाऊ लागली, पण पिक्चर सांगेना. घसा बसला म्हणाली, मग मोबाईल बिघडला म्हणाली. बाया चिडीचूप निंदत होत्या. भगवंतराव दोन दिवस कुरकुरले, तिसऱ्या दिवशी त्यांनाही समजलं असावं, गप्प बसले. तिला भीती एकाच गोष्टीची होती. पंचफुला कामावर येईल तेव्हा तिच्याकडे पाहायचं कसं? शेवट आपण पदरचा लावला होता, हे जगात एका प्रयागबाईलाच ठाऊक होतं. न सांगता निभलं असतं. कोण येतं पिक्चर तपासायला?

सव्वा महिन्यानं पंचफुला आली. पोट कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. ती सरळ येऊन प्रयागबाईच्या शेजारच्या पातीला बसली. अर्धी सकाळ निंदण्यात गेली. मग खुरपं चालवता चालवता पंचफुला म्हणाली,

"थो पिक्चर सांग ना वं पुना एकडाव. थ्या साहेबाच्या बायकोचा. तिले लय आवडला व्हता."

प्रयागबाईच्या जिभेवर जुना शेवट तयार होता, अद्रकाच्या चहासकट. तोच सांगितला असता तर या बाईला कदाचित थोडं बरंही वाटलं असतं. तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, मत दिलं नाही. रूपाली पलीकडच्या टोकावरून उठून जवळ आली. मारलं, घर सोडलं, मशीन शिकली, नवरा दारात आला, कडीला हात लावला.

"आन मंग तिनं त्याले वापस धाडलं," प्रयागबाई म्हणाली. "नाई गेली थे."

पंचफुलानं मान वर केली. "असं नोतं सांग्तलं तू."

"नाई."

"मंग?"

"तवा म्या शेवट पाह्यलाच नोता, पंचफुला. नेट संपलं व्हतं. म्या आपल्या मनानं लावला."

कुणाचंच खुरपं चालत नव्हतं. बांधावर भगवंतराव उभे होते, त्यांनीही हाक मारली नाही. पंचफुलानं आरडाओरड करावी, अंगावर धावून यावं, केस धरावेत, असं प्रयागबाईला मनापासून वाटत होतं.

"म्या तिले म्हन्लं व्हतं," पंचफुला म्हणाली, अगदी हळू. "रातभर जाऊ का नोको करत व्हती. म्या म्हन्लं, प्रयागा मावशीनं सांग्तलं ना, सुधरते मानूस. जाय."

"माहं चुकलं वं. पिक्चरच व्हता म्हून..."

"पिक्चरचं जाऊ दे," पंचफुला म्हणाली. "नेटचं बी जाऊ दे. पिक्चरात काय व्हतं थे तुले नसन माहीत." तिनं आता सरळ प्रयागबाईच्या तोंडाकडे पाहिलं. "पन तू तं दोनदा वापस आलती ना, प्रयागा. मानूस सुधरते का नाई, थे तं तुले माहीत व्हतं."

"हाव," प्रयागबाई म्हणाली. "माहीत व्हतं."