शरीफ घरची चीज

"उतार वो," मालकीण म्हणाली.

मी तशीच उभी राहिले. सतरंजीवर अकरा मुली बसलेल्या, सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मग मालकिणीनं स्वतः उठून माझ्या डोक्यावरचा बुरखा मागून ओढला. टाचण्या लावलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर केसही उपटले गेले.

"तेरी अम्मा हमारे कारखाने में खुले मुँह कांड्या भरती है. मुकादम देखता है, हमाल देखते हैं. तेरा कैसा पर्दा? ये शरीफ घर की चीज है."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी तेरा वर्षांची होते.

तो बुरखा अम्मानं दोन काळे परकर उसवून हातानं शिवला होता. आम्ही मूळचे खाप्याचे, घरात मराठीच बोलणारे मुसलमान. बाप वारल्यावर अम्मा मला घेऊन कामठीला आली आणि या मालकांच्या पॉवरलूमवर कांड्या भरायला लागली. दिवसभर चरख्यासमोर बसून सूत गुंडाळायचं. साडीचा पदर डोक्यावर असायचा, तोही कमरेला घट्ट खोचून, नाहीतर चाकात जायचा. बुरखा घालून हे काम होत नाही, हे मालकिणीला ठाऊक होतं. कारखाना तिच्याच नवऱ्याचा होता.

तिच्या घरी शुक्रवारी दुपारी मुलींना कुराणाचा अर्थ शिकवत. मला अरबी वाचता येत होतं. घडाघडा वाचायचे आणि कशाचा काही पत्ता नसायचा. मला अर्थ हवा होता. वर्गाला बुरख्यातच यायचं, अशी अट होती. म्हणून अम्मानं परकर फाडले.

मला दाराशी, चपलांजवळ बसवलं. योगायोग असा की त्या दिवशी धडा पर्द्याचाच निघाला. शिकवणाऱ्या बाईंनी, उस्तानीनं, अर्थ सांगितला. मोमिन, म्हणजे ईमान राखणाऱ्या, बायकांनी अंगावर चादर ओढून घ्यावी, म्हणजे त्या ओळखल्या जातील आणि त्यांना कुणी सतावणार नाही.

एका मुलीनं विचारलं, काय म्हणून ओळखल्या जातील?

उस्तानी म्हणाली, बुजुर्गांनी लिहिलंय, आझाद बाई म्हणून. बांदी, म्हणजे गुलाम बाई, नाही म्हणून.

मालकिणीनं माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "मग बांदीला सतावलं तर चालतं का?"

उस्तानी बिचारी विधवा. मालकिणीच्याच मागच्या खोलीत राहायची. तिनं किताब मिटली. मालकिणीकडे बघत म्हणाली, "अल्लाह बेहतर जानता है."

मालकीण म्हणाली, "अब मत आना."

घरी अम्मानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, मला जवळ घेईल. ती म्हणाली, "तोंड काहून उघडलं वं तू? आता मले कामावरून काढलं तं खाशीन काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकिणीच्या अंगणात हात जोडून उभी राहिली. मी तिच्या मागे. तिला बराच वेळ उन्हात तिष्ठत ठेवून मालकीण म्हणाली, जा कामावर. अम्मा लगबगीनं गेली आणि कांड्या भरायला बसली. जशी काही बक्षिसी मिळाली. मला तिचा राग आला. मालकिणीपेक्षा जास्त आला आणि कित्येक वर्षं राहिला. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. मी तरी कुठं काय बोलले होते त्या अंगणात?

उर्दू मी पुढं शिकले. नागपुरात मोमीनपुऱ्याला शिवणकाम करायचे, तेव्हा शेजारणीच्या पोरांच्या पुस्तकांवरून. मग एक-एक शब्द लावत कुराणाचा उर्दूतला अर्थ स्वतः वाचला. चादरीची ती आयत, कुराणातलं ते वचन, सापडलं. तिच्यात बांदी हा शब्दच नाही. तो मागाहून समजावून सांगणाऱ्यांनी घातला. दुसरी एक आयत सापडली, ओढणी छातीवर ओढून घ्या, अशी बायकांना सांगणारी. तिच्या लगेच आधी पुरुषांना सांगितलंय, नजर खाली ठेवा. आधी पुरुषांना. म्हणजे त्यात मुकादम आला, हमाल आला, मालकही आला. अम्माकडे बघणाऱ्यांना कुणीच हे वाचून दाखवलं नव्हतं. दोष तेवढा तिच्या उघड्या तोंडाचा. मी रडले. रागानं रडले, कारण अम्मा तोवर गेली होती आणि तिला हे सांगायचं राहून गेलं.

आता माझ्या खोलीत शुक्रवारी मुली अर्थ शिकायला येतात. काही बुरख्यात, काही ओढणीत, काही तशाच. परवा मोहल्ल्यातले दोघे वजनदार येऊन गेले. म्हणाले, उघड्या डोक्याच्या मुलींना परत पाठवा, नाहीतर वर्ग बंद. घरमालक त्यांचाच माणूस आहे. ते वर्ग बंद पाडू शकतात, मला खोलीबाहेर काढू शकतात. माझ्यामागं कुणी नाही.

मी त्यांना सांगितलं, पाठवणार नाही. माझ्या दारात मुलीच्या डोक्याला कुणाचा हात लागणार नाही. झाकायला नाही आणि ओढायलाही नाही.