करवंटीतला विस्तव आणि केपची बशी

माणसाची ओळख करून देताना प्रथम त्याचे घराणे सांगावे अशी रीत आहे. परंतु कोकणातल्या नाटे गावच्या ताजबीची ओळख तिच्या चुलीपासून करून देणे अधिक योग्य होईल, कारण तिचे दोन्ही देशांतले सुखदुःख चुलीच्याच वाटेने आले.

नाट्याच्या मोहल्ल्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या दोन अंगांना दोन घरे समोरासमोर होती. एक ताजबीचे, दुसरे मरियमचे. दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आल्या. ताजबीचा नवरा रमजान आफ्रिकेच्या टोकाला केपटाउन शहरात फळांचे आणि भाजीचे दुकान चालवी. मरियमचा नवरा मुसा आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करी. दोन्ही घरांतले पुरुष दर्यापार, आणि दोन्ही घरांत मिळून विस्तव एक.

त्या काळी काडीपेटी गावात नव्हती असे नाही. ती वाण्याच्या दुकानात होती आणि विडी ओढणाऱ्यांच्या खिशात होती. बायकांचे काम तिच्यावाचून चाले. जिची चूल आधी पेटली तिच्याकडे दुसरीने करवंटीत राख घेऊन जावे, राखेवर निखारा मागून आणावा, आणि निखारा मागता मागता घटकाभर बोलावे. मरियम उंबऱ्यातूनच हाक मारी, "काय गो, विस्तव हाय का राख केलास?" ताजबी म्हणे, "तुज्यासाठीच जपून ठेवलाय, राणीसरकार, या!" कोणाचे पोर तापले आहे, कोणाला रात्री झोप लागली नाही, हे सर्व त्या निखाऱ्याबरोबर या घरचे त्या घरी जात असे.

एकोणीसशे सव्वीस साली रमजानने ताजबीला केपला बोलावून घेतले. ताजबीची सासू आमिनबी, जिला सर्व मोहल्ला मामी म्हणे, वयाने थकलेली होती. तेव्हा मरियमच म्हणाली, "मामीची काळजी करू नकोस. तुजी चूल विझायची नाय. मी हाय ना!" जवळच्या मुसाकाजी बंदरातून बोट सुटली तेव्हा ताजबी रडली ती माहेरासाठी नव्हे, मरियमसाठी.

केप हा देश तिने पाहिला तो असा. आपल्या सड्यासारखा सपाट माथ्याचा डोंगर, पण कोणी उचलून आभाळाला टेकवून ठेवावा तसा उंच. पाऊस आपल्याच महिन्यांत पडे, पण त्या पावसात भात उगवत नसे, हाडे तेवढी गारठत. रस्त्यांवर विजेचे दिवे होते. इकडे नारळ, भात आणि मासळी एकमेकांच्या हातांनी घरात येई. तिकडे सरपणाची मोळीसुद्धा दुकानातून विकत आणावी लागे. तिकडे माणसाच्या कातडीचा रंग पाहून त्याची पायरी ठरत असे. ताजबीला याचे नवल वाटले नाही, कारण इकडे जन्म पाहून पायरी ठरताना तिने पाहिले होते. तिला नवल वाटले ते एवढ्याचेच, की सगळी दारे बंद असत.

पहिल्या आठवड्यातच तिने तिथे जी चूक केली ती नाट्याची बाईच करू शकेल. सकाळी धुरांड्यातून धूर निघालेला पाहून ती शेजारच्या दारी गेली आणि घरून आणलेली करवंटी तिने पुढे केली. तेथे गदीजा नावाची म्हातारी विधवा राहत असे. धर्माने मुसलमान, भाषेने परकी. करवंटीतली राख पाहून म्हातारी गोंधळली. मग काही उमजल्यासारखे करून आत गेली आणि एक कोरी काडीपेटी आणून तिने ताजबीच्या हातावर ठेवली. दार लागले.

घरी येऊन ताजबी ओक्साबोक्शी रडली. रमजान म्हणाला, "अगं, चांगली भरलेली काडीपेटी फुकट दिली तिनं, रडतेस कशाला?"

"पुन्हा येऊ नको असंच सांगितलं ना तिनं!"

रमजान हसला, परंतु पुढच्या रविवारी त्याचे हसू आणि तिचे रडू दोन्ही थांबले. ताजबी मागल्या दारी कपडे वाळत घालीत होती. परत येऊन पाहते तो पुढच्या पायरीवर फडक्याने झाकलेली निळ्या फुलांची बशी. बशीत वेलदोडा घालून तळलेले, पाकात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळलेले पिठाचे गोड गोळे. म्हातारीची काडीपेटी हा अपमान नव्हता, आणि तिचा देश मुका नव्हता. त्या देशी शेजार जोडायचा तो पायरीवर बशी ठेवून. आणि बशी रिकामी परत करू नये एवढाच तिथला नियम. ताजबीने दुसऱ्या दिवशी त्या बशीत घावन घालून पाठविले. पुढे आठ वर्षे ती बशी त्या दोन घरांत हिंडत राहिली. ताजबी निघाली तेव्हा गदीजाने ती तिच्या ट्रंकेत स्वतःच्या हाताने घातली.

ताजबी परतली ती मामीची दृष्टी गेल्याचे कळले म्हणून. रमजान दुकानासाठी मागे राहिला. बंदरावर मरियमने तिला मिठी मारली आणि विहिरीवर बायकांनी तिला घेरले. "काय गो, केपात बायका काय करतात?" "नवऱ्याबरोबर एका टेबलावर जेवतात." "आणि वाढतं कोण?" "ज्याचा हात पुरेल तो." "अल्ला! मग सासू कुठं बसते?" हशा पिकला. मरियम सगळ्यांत मोठ्याने हसली.

परंतु आठ वर्षांत ताजबीच्या हाताला काडीपेटीची सवय लागली होती. सकाळी उठून ती काडी ओढी आणि चूल पेटवी. समोर मरियम विस्तव राखेखाली झाकून तिची वाट पाहत असेल, हे तिच्या ध्यानातच आले नाही. आपण मरियमसाठी काही करावे असे मात्र तिला मनापासून वाटत होते. एका सकाळी मरियम किनाऱ्यावर मासळी आणायला गेली असता ताजबीने केपसारखे गोळे तळले, निळ्या फुलांच्या बशीत मांडले, फडक्याने झाकले आणि मरियमच्या पायरीवर ठेवून ती घरी आली.

ती बशीची वाट पाहू लागली. बशी आली नाही. विहिरीवर ताजबी दिसताच मरियमने अर्धी भरलेली कळशी उचलली आणि ती निघून गेली. हाक मारली तर दार बंद. ताजबीला अन्न गोड लागेना. ज्या गावात मरियम बोलत नाही ते गाव तिला केपच्या पहिल्या आठवड्यासारखे वाटू लागले. शेवटी एका दुपारी सासूच्या पायांना तेल लावताना तिने सर्व सांगितले.

मामीने पाय मागे ओढले. "झाकलेली बशी ठेवलीस? सण नाय, वार नाय, आणि सांगितलंस पण नाय?"

"तिकडं तसंच..."

"तिकडचं तिकडं! हितं ज्याच्या घरी मयत होते त्याच्याच दारी झाकून जेवण ठेवतात, चूल पेटायची नाय म्हणून. मुसा दर्यात. तू साऱ्या बंदरांवरून आलेली. तिला काय वाटलं असेल गो?"

ताजबीने तेलाची वाटी खाली ठेवली. विचारले तर उत्तर मिळेल, या भीतीनेच मरियम बोलत नव्हती, हे तिला त्या क्षणी समजले.

ती उठली. चुलीत जाळ होता. तिने त्यावर पाण्याचा तांब्या ओतला. आत धूर कोंदला. "काय जाळलंस?" मामी ओरडली. "विझवली, मामी," एवढेच बोलून तिने करवंटीत राख घेतली आणि पाखाडी ओलांडली.

दार अर्धवट उघडे होते. मरियम चुलीपुढे पाठमोरी बसली होती. कोनाड्यात निळ्या फुलांची बशी तशीच झाकलेली होती. फडक्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"विस्तव हाय का गो?" ताजबी म्हणाली.

मरियमने वळून पाहिले नाही. "काडीपेटी संपली?"

"भरलेली हाय."

"मग?"

"काडीपेटी बोलत नाय."

तिने चुलीतले लाकूड आत सारले. मग मरियम वळली. तिचे डोळे सुजलेले होते. "एकदाच सांग. मुसाची काय खबर ऐकलीस?"

"काय नाय ऐकली. तुज्या गळ्याची शपथ! तिकडं शेजारणीवर जीव असला की पायरीवर बशी ठेवतात. मी येडी, हितली रीतच विसरले."

मरियमने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे की हसते आहे हे ताजबीला कळेना, बहुधा दोन्ही. मग ती म्हणाली, "बया, माज्या माणसाला जिता मारलास! आणि रोज सकाळी राखेखाली निखारा ठेवून मी वाट बघायची, तर ही केपवाली काड्या ओढते!"

"शिव्या दे, पण विस्तव दे."

मरियम उठली. कोनाड्यातली बशी तिने काढली, मुंग्या झटकल्या, गोळे परसात कोंबड्यांना टाकले. बशी पुसून तिच्यात तिने राखेचा जाड थर पसरला आणि त्यावर चुलीतला सर्वांत मोठा निखारा ठेवला. ताजबीच्या हातातली करवंटी मात्र तिने काढून घेतली.

"ही हितंच ऱ्हाऊ दे. उद्या घ्यायला येशील."

रिकामी बशी परत करू नये, हा केपचा नियम मरियमला कोणी सांगितलेला नव्हता. ताजबी पदराने वारा अडवीत, बशी दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी जपून उतरली. मध्येच राखेखालून बशी टचकन वाजली आणि निळ्या फुलांतून बारीक तडा गेला. ती थांबली नाही.

"आलीस?" आंधळ्या मामीने चुलीकडे तोंड करून विचारले. "काय म्हणाली?"

"उद्या ये म्हणाली," ताजबीने सांगितले, आणि ती फुंकर घालू लागली.