पाणी विचारणारं घर

त्या वर्षी रोज सकाळी ह्यांचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. जन्मभर पाप्याचं पितर असलेला माणूस. लग्नात ह्यांच्या अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता, हे माझ्या माहेरचे अजून बोलून दाखवतात. आता गाल वर आले, डोळे त्यात बारीक झाले. सासूबाई दारात येईल तिला सांगायच्या, "बघा, माझ्या लेकराच्या अंगाला लागायलंय आता." शेजारीण मला चिमटा काढून म्हणाली, "काय खाऊ घालायलीस माय, आमाला बी सांग." मीही फुशारले. इतक्या वर्षांनी माझ्या भाकरीचं चीज झालं, असं मला खरोखर वाटलं.

ती सूज होती. दुपारपर्यंत चेहऱ्यावरची उतरायची आणि संध्याकाळी पायात यायची. चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटायचा, बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. पण त्याचंही उत्तर आमच्याकडे तयार होतं. हे हळद शिजवायचे. आमच्या बाळापूरच्या आसपास हळद निघायला लागली की ट्रॅक्टरमागे कुकर जोडून गावोगाव फिरायचे. कुकर म्हणजे वाफेची मोठी टाकी आणि तिला जोडलेले उंच ड्रम. ओली हळद भरायची, वाफ सोडायची, शिजली की पटांगणात ओतायची आणि लगेच दुसरा ड्रम भरायचा. दिवसभर विस्तवाजवळ उभं राहणारा माणूस, पाय सुजणार नाहीत तर काय होईल? "उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन उतरलंय पायात," असं हेच सांगायचे, आणि आम्ही माना डोलवायचो.

या कामात सगळे जण सकाळी चहाबरोबर कमरेची गोळी घेतात. किराणा दुकानात मिळते ती. तिला कुणी औषध समजत नाही, तंबाखूच्या चिमटीसारखीच ती. पुढे डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या वगैरे खात होता का?" तर हे शपथेवर "न्हाई" म्हणाले. खोटं बोलले नाहीत. त्यांच्या मते त्यांनी आयुष्यात गोळी खाल्लीच नव्हती. मीच मग कमरेच्या गोळीचं सांगितलं, तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी चहाबद्दल तक्रार केली होती.

पण हे पुढचं झालं. आधी जेवण जाईना. तोंडाला कसनुशी चव, सकाळी मळमळ, अंगाला खाज. नंतर एकदा हसत हसतच मला म्हणाले, "लघवीला फेस येऊन राहिला, साबण टाकल्यावानी. आन् व्हायली बी कमीच." माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी दिराला, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावानं निदान करून टाकलं होतं. मुतखडा!

आमच्याकडे किडनी म्हटलं की लोकांना एकच दुखणं माहीत. घरटी एकाला खडा होऊन गेलेला, त्यामुळे घरटी एक डॉक्टर. कुळथाचं पाणी सांगणारे आले, पानफुटीची पानं घेऊन आले. औषध वेगवेगळं होतं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. पाणी पी. लई पी. धुऊन निघंल.

मग आम्ही ह्यांना पाणी पाजलं. सासूबाई उशाशी तांब्या घेऊन बसायच्या. हे "बास" म्हणाले की म्हणायच्या, "पी रे बाबा, माझ्यासाठी येवढं पी." हे शेतावर निघाले की दीर बाटली हातात द्यायचा आणि आल्यावर ती रिकामी झाली का बघायचा. हे मुकाट पीत राहिले. बाहेर पडायचा रस्ता बंद झालेल्या शरीरात आम्ही घरादारानं मिळून पाणी ओतत होतो, तेही मायेनं. आज आठवलं की मला सगळ्यांचा राग येतो, आणि राग काढायला माणूस सापडत नाही. कुणावर काढू? उशाशी बसलेल्या आईवर?

एका सकाळी ह्यांना आडवंच होता येईना. पडलं की छातीत दाटायचं, बसलं की जरा बरं. गाडी करून नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, छातीला नळी लावून ऐकलं, रक्त तपासायला पाठवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "खडा नाही. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. छातीत पाणी भरलंय, आत्ताच्या आत्ता डायलिसिस करावं लागेल. यांना एवढं पाणी कुणी प्यायला सांगितलं?" दारात उभ्या असलेल्या सासूबाईंना ते ऐकू गेलं. त्या दिवसापासून त्या पाण्याचा विषय निघाला की उठून आत जातात.

आता आठवड्यातून दोनदा नांदेड. बाळापूरहून सकाळची बस धरायची, सुया टोचून घेऊन मशीनला पडायचं, रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. घरी येईपर्यंत माणूस पिळून काढलेल्या धुण्यासारखा होतो. सुयांसाठी ह्यांच्या डाव्या हातातली शीर धमनीला जोडलीय. त्या जागी बोट ठेवलं की आत सारखी घरघर लागते. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. सुरुवातीला मी रोज त्या हाताला कान लावून बघायचे. हे म्हणायचे, "कुकर चालू हाय का बघायलीस व्हय?"

माझी किडनी द्यायची म्हणून मी तयार होते. रक्तगट जुळला नाही. लग्नाच्या वेळी पंचांग उघडून आमचे गुण जुळवले होते, जमलेले लोक वा वा म्हणाले होते. रक्ताचं कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाई पुढे झाल्या, तर त्यांना साखर निघाली. मोठ्या दवाखान्यात किडनीच्या यादीत नाव लावून ठेवलंय. नाव लावलं म्हणजे काय, हे आम्हाला समजलेलं आहे, पण आम्ही ते एकमेकांना सांगत नाही.

जेवण अळणी. भाजी उकडून पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. भेटायला येणारे प्रेमानं शहाळं आणतात, मोसंबी आणतात, आणि नेमके त्यातलेच क्षार ह्यांना विष. ते सगळं सोसलं असतं. पण खरी लढाई पाण्याची. दिवसाचं पाणी मी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवते. तेवढंच, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. जास्त झालं की सूज, मग छातीत दाटणं, आणि मशीनवर ते एकदम ओढून काढलं की पायात असे गोळे येतात की हा जन्मभर विस्तवापुढे उभा राहिलेला माणूस लेकरासारखा रडतो. आणि इकडे चैत्र-वैशाखाचं ऊन. घसा सुकला की हे वेलदोडा तोंडात धरतात. चूळ भरतात, आणि मी पाणी थुंकलं का गिळलं ते बघत उभी राहते. बायको राहिले नाही मी, पहारेकरीण झाले. एकदा न्हाणीत बराच वेळ लागला म्हणून दार लोटलं, तर हे बादलीतला मग तोंडाला लावून बसलेले. अंघोळीचं पाणी! मी तो हिसकावला, नको नको ते बोलले. हे एवढंच म्हणाले, "तुला काय कळंल तहान." खरंच आहे. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर मी माठच घरातून हलवला. शेजारणीकडे ठेवला, आम्हीही तिकडेच जाऊन प्यायचो. आणि आल्यागेल्याला पाणी विचारायचं बंद केलं.

आमच्या भागात हे किती वाईट, ते बाहेरच्याला कळायचं नाही. दारात वैरी आला तरी आधी पाणी. आला माणूस टेकायच्या आत तांब्या-पेला पुढे यायला हवा, बाकी बोलणं नंतर. मी ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट हीच शिकवली होती. पण ह्यांच्यासमोर कुणी घटाघटा पाणी प्यावं, हे मला बघवेना. लोक उन्हातून यायचे, कोरडे बसायचे, कोरडे जायचे. बोलणं कानावर आलंच. "त्या घरी पाणी बी विचारत न्हाईत आता." बोलू देत, म्हटलं. माझा माणूस जगला पाहिजे. हे मात्र पाहुणा उठून गेला की माझ्याकडे पाठ करून बसायचे.

यंदा हळदीचा हंगाम लागला. कुकर आता दीर चालवतो. एका दुपारी कुरुंदा गावचे एक म्हातारे शेतकरी आले. ह्यांनी वर्षानुवर्षं त्यांची हळद शिजवलेली. फाट्यावर उतरून उन्हात चालत आले होते, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. ओसरीवर बसले, टोपी काढून वारा घेतला, ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली. "तकलीफ लई हाय का?" हे म्हणाले, "न्हाई, बराबर चाललंय." म्हातारे बोलता बोलता ओठांवरून जीभ फिरवत होते. मी दाराआड उभी होते. मला दिसत होतं, आणि मी हलले नाही.

हे उठले. चपला घालून बाहेर पडले. मला वाटलं, लघवीला म्हणून गेले असतील, मग आठवलं की ह्यांना आता ती होतच नाही फारशी. थोड्या वेळानं शेजारणीच्या दारातून बाहेर आले, उजव्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या, त्यावर पालथा पेला. डावा हात छातीशी धरलेला. अंगण ओलांडताना सांडू नये म्हणून नजर पाण्यावर. आता वाटेत तोंडाला लावतात, असं वाटलं.

लावला नाही. पाहुण्यासमोर वाकून ह्यांनी पेला भरला. म्हाताऱ्यांनी एका दमात रिकामा केला, हे पुन्हा भरत गेले. त्यांच्या प्रत्येक घोटाबरोबर ह्यांचा गळा हलत होता. आत काही नव्हतं, नुसता गळा हलत होता.

म्हातारे जरा थांबले आणि तांब्याकडे बोट करून म्हणाले, "तुमी घ्या की."

"घ्या तुमी," हे म्हणाले. "मी आत्ताच पेलो."

पेल्यात उरलेलं घोटभर पाणी म्हाताऱ्यांनी सवयीनं अंगणात फेकलं. माती चटकन पिऊन गेली. हे त्या ओल्या डागाकडे तो वाळेपर्यंत बघत होते. पाहुणे गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या दारातून माणूस तहानेला जाऊ देऊ नगंस. मी जिता हाय अजून."

मी माठ परत घरात आणला. आता आल्यागेल्याला पाणी मीच देते. ते पिऊन होईपर्यंत ह्यांच्याकडे बघत नाही.