आधी परत म्हण

वैशालीशी माझं शेवटचं बोलणं झालं ते तिच्या रक्ताच्या रिपोर्टवरून. वाशीमच्या एका दवाखान्यात ती डेंग्यूच्या तापाने पडून होती. एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हातात दोन कागद, आदल्या दिवशीचा रिपोर्ट आणि त्या दिवशीचा. दोन्ही माझ्यासमोर धरून म्हणाली, "पाह्य बरं. कालचे आकडे अन् आजचे आकडे. एक तरी फरक दिसते का तुले?" फरक नव्हता. प्लेटलेट पेशी तेवढ्याच, बाकी सगळंही तेवढंच. मी म्हटलं, बरंच झालं की, पेशी उतरल्या नाहीत. तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कॉलेजात फिजिक्स शिकवते यावरचा तिचा विश्वास त्या क्षणी उडाला असावा. "काय व, जित्या मानसाचं रगत दोन दिस सारखं राह्यते का? हे कालचंच हाय. आजचं कुठं गेलं कोनास ठाऊक..." तिने नर्सला सांगितलं, मीही सांगितलं. नर्स म्हणाली, "मॅडम, कॉम्प्युटरमधून निघालाय रिपोर्ट, हाताने थोडाच लिहिलाय." डॉक्टर आले, त्यांनी कागदावर नजर टाकली, "पेशी चांगल्या आहेत, परवा घरी सोडू" म्हणाले आणि गेले. वैशालीने दोन्ही कागद उशीखाली सारले. एरवी ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली असती, म्हणून मला भीती वाटली.

शेलूबाजारला आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचे वडील, नामदेवकाका, विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. लाइनवर काम करणारा वायरमन फोनवरून सांगायचा, अमुक गावाची लाइन बंद करा. काका ते शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. पलीकडून "बरोबर" आलं की मगच स्विचला हात. काम संपल्यावर लाइन चालू करतानाही तेच. काका नोकरीला नवे असताना कुणीतरी ही रीत पाळली नव्हती. वायरमनने एका लाइनचं नाव सांगितलं, ऐकणाऱ्याने दुसरीच बंद केली, आणि पोलवर चढलेला माणूस काकांचा दोस्त होता. तेव्हापासून काकांनी ही रीत घरातही आणली. "पोरी, आईले सांग मी जेवाले येऊन राह्यलो." "बाबा जेवाले येऊन राह्यले." "बरोबर." तेव्हा कुठे पोरगी हलणार. आम्ही शेजारची पोरं याची भरपूर टिंगल करायचो. मी तर तिला "आधी परत म्हण" याच नावाने हाक मारायचे. ती चिडायची नाही. रीत सोडायचीही नाही.

पुढे ती शिकली आणि बंगळुरूला मेमरी बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. मोठ्या कॉम्प्युटरांत मेमरीच्या हिरव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, बोटभर रुंद, त्यावर काळ्या चिपांची रांग. प्रोसेसर हुकूम सोडतो, अमुक खोलीत हे लिही, तमुक खोलीतलं वाच. पट्टीच्या मधोमध एक चिप असते. ती हुकूम झेलते आणि दोन्ही बाजूंच्या चिपांना पोचवते. हे हुकूम कोणत्या तारेवरून, कोणत्या ठोक्याला, कोणत्या बाजूला जायचे ते ठरवणं, हे वैशालीचं काम. मला हे समजावताना ती म्हणाली होती, "मी बी सबस्टेशनवरच हाओ. बाबाची एक लाइन होती, माह्या लाख." मग एका सुट्टीत घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. नव्या पट्टीत त्यांनी तारा वाचवायच्या म्हणून दोन बाजूंचे हुकूम त्याच तारांवरून आळीपाळीने पाठवायचं ठरवलं होतं. एका तारेवर चूक झाली तर सम-विषमच्या हिशेबाने ती पकडायची सोय होती. पण दोन तारांवर एकदम झाली तर हिशेब जुळतो आणि चुकीचा हुकूम खरा म्हणून पुढे जातो. बरोबर माहिती भलत्याच खोलीत जाऊन पडते. आणि जिथे जायची होती तिथे जुनीच माहिती राहते, स्वच्छ, नीटनेटकी... तिच्याकडे बघून कुणालाही संशय येणार नाही.

वैशालीचं म्हणणं साधं होतं. मधल्या चिपने हुकूम झेलला की तो परत म्हणून दाखवावा आणि प्रोसेसरने तो ताडून घ्यावा. कंपनीच्या बैठकीत तिने हे मांडलं तेव्हा लोक आधी हसले. मग एकजण म्हणाला, प्रत्येक हुकमाला उत्तराची वाट पाहायची तर आपली पट्टी बाजारात सगळ्यात हळू ठरेल. खरंच ठरली असती, तेही तिला कळत होतं. चाचणीच्या यंत्रावर तशी चूक एकदाच दिसली, पुन्हा घडवून दाखवता आली नाही, म्हणून तिची तक्रार बंद करून टाकली. पट्ट्या बाहेर पडल्या. मी विचारलं, "कुठं बसवल्या?" "सगळीकडे. बँकेत असतीन, दवाखान्यात असतीन, तिकिटाच्या खिडकीवर असतीन. मले बी नाही माहीत." मी तिला सावरण्यासाठी म्हटलं, अगं, इतकी वर्षं जग चालू आहे, कुठे काय कोसळलं? ती म्हणाली, "कोसळलं तर दिसते व. हे कोसळत नाही. हे फक्त जुनं दाखवत राह्यते."

तिची आई गेल्यावर ती काकांसाठी शेलूबाजारला येऊन राहिली आणि घरूनच काम करू लागली. तेव्हापासून तिच्यात एक फरक पडला. बँकेत पासबुक भरून घेतलं की मशीनमध्ये पुन्हा घाला म्हणायची. पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत एसटीचं तिकीट काढलं तर कंडक्टरला गावाचं नाव वाचून दाखवायला लावायची आणि मागचे लोक करवादायचे. मला कधी हसू यायचं, कधी वैताग. "तुले भूत लागलं" असं मी तिला तोंडावर म्हटलेलं आहे. ती म्हणाली, "भूत नाही. मी निरोप पोचवला, अन् पलीकडून कोनी 'बरोबर' म्हनत नाही."

म्हणून त्या दिवशी दवाखान्यात तिने कागद उशीखाली सारले तेव्हा मला भीती वाटली. संध्याकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. मी आरडाओरडा केला, रक्त पुन्हा काढलं, आणि या वेळी आकडे वेगळे आले. पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. मग अकोल्याला न्यायची धावपळ झाली, पण तोवर आत रक्तस्राव सुरू झाला होता. सकाळी अकोल्यातच ती गेली. दवाखान्याने सांगितलं, कुणीतरी नजरचुकीने कालचाच रिपोर्ट परत छापला असावा. असंच झालं असेल. माणसं करतात असं. माझं डोकं हेच मान्य करतं, आणि तरी अजून कुठल्याही पडद्यावर आकडा दिसला की मी तो मोठ्याने परत वाचते. गेल्या आठवड्यात तिच्या कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला होता. फार चांगली होती, वगैरे बोलून झाल्यावर तो जरा घुटमळला. म्हणाला, ती सांगायची तसलं काहीतरी आणखी एका ठिकाणी दिसलंय, पुढच्या डिझाइनमध्ये बघू म्हणतायत. मी विचारलं, आणि ज्या पट्ट्या बाहेर गेल्या त्यांचं काय? त्याने फोन ठेवून दिला. मला त्या माणसाचा राग आला, आणि अजून आहे.

ती गेली त्या सकाळी काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून अकोल्याहून जीपने थेट शेलूबाजारला गेले. ते ओट्यावर उभे होते, जीपच्या आवाजानेच बाहेर आलेले. मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, पण त्यांच्यासमोर तेवढंच निघालं. "काका, वैशाली गेली."

त्यांचा चेहरा हलला नाही. कमरेतून जरा ताठ झाले आणि सबस्टेशनच्या फोनवर बोलायचे त्या सुरात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "वैशाली गेली."

आणि माझ्याकडे बघत थांबले. पुढे काय म्हणायचं ते मला लहानपणापासून पाठ होतं, आणि ते तोंडातून निघेना. मी बोलले नाही तोवर त्या ओट्यावर काहीच पक्कं झालेलं नव्हतं, आणि काका मला घाई करत नव्हते. आयुष्यात त्यांनी कुणालाच घाई केली नव्हती.

"बरोबर, काका," मी म्हटलं.

मग ते खाली बसले.