नाडी, आत्या आणि लागलेली बासुंदी

माझ्या हृदयाचा फोटो काढायला आम्ही आठ जण गेलो होतो.

त्यांतला एकही आजारी नव्हता. मीसुद्धा नाही. पण आदल्या वर्षी दादा गेला. छातीत भरून येतंय म्हणाला, "भाताची लावणी उरकू दे, मग दाखवतो" म्हणाला, आणि लावणी उरकायच्या आतच गेला. तेव्हापासून वहिनींनी एकच धोशा लावला होता, "भावजी, तुमी दाखवून घ्या." शेवटी डॉक्टरांनी हृदयाच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी दिली. रक्तवाहिन्यांत काही साचत असेल, तर दुखायच्या आधीच दिसतं म्हणे. अट एकच: नाडी पासष्टच्या खाली हवी, नाहीतर फोटो हलतो.

मी शाळेत ग्रंथपाल. गावात माझ्याइतका शांत माणूस नाही (निदान माझा तसा समज होता). सकाळच्या एसटीने गुपचूप कर्जतला जावं, असा बेत होता. पण आमच्या कशेळ्यात दवाखान्याला एकट्याने जाणं म्हणजे घरच्यांचं नाक कापणं! दारात जीप उभी होती, आणि जीपमध्ये आत्या.

"दुखत नाय तर डाक्टरकडं कशाला रं?"

"दुखायच्या आधी बघतात, आत्या."

"म्हंजे लग्नाच्या आधी बारसं!"

तपासणी केंद्रात सिस्टरने फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून औषध सोडायची सुई हाताला टोचली आणि बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. सत्त्याण्णव!

"काका, शांत व्हा," ती म्हणाली. झालं! सातही जण मला शांत करायला धावले.

"अजिबात घाबरू नको," आमचे काका म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला असाच आत घातला व्हता."

"मग?"

"मग... जाऊ दे ते आता."

एकशे चार! आत्याने माझे तळपाय चोळायला घेतले. मला गुदगुल्या होतात. एकशे बारा!!

सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं, गोळी दिली, दिवे मंद केले. त्या शांततेत मला दादा आठवला. नाडी खाली यायचं नाव घेईना.

"आज नाही जमणार, काका. पुढच्या आठवड्यात या."

दारात वहिनी उभ्या होत्या. "पुढच्या आठवड्यात? लावणीनंतर बघू, असंच हेपण म्हणाले व्हते..." मग पदर खोचून त्यांनी फर्मान काढलं, "सगळे आत या. पण आजाराचं बोलायचं नाय!"

आजार सोडला, तर आमच्याकडे बोलायला एकच विषय उरतो: काकांच्या लग्नात बासुंदी कुणामुळे लागली.

"तू चुलीपासून उठलीस!" काका.

"तू घोड्यावर चढत नव्हतास, तुला ढकलायला उठले रं!" आत्या.

हे भांडण मी लहानपणापासून ऐकतोय. आत्या कुठे रडणार, काका टोपी कुठे आपटणार, सगळं पाठ. माझे डोळे जड झाले.

"बासष्ट," सिस्टर पुटपुटली. "अठ्ठावन्न! आजी, थांबू नका, भांडा!"

मी यंत्रात गेलो. "श्वास धरून ठेवा," असा आवाज आला. तो बाहेरही ऐकू गेला असावा. कारण मी बाहेर आलो तेव्हा लालबुंद झालेली आत्या खुणेनेच विचारत होती, 'सोडू का?'

एका रक्तवाहिनीत जरासं कॅल्शियम साचायला लागलं होतं. "अगदी वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. गोळी घ्या, रोज चाला, तेलकट कमी करा, बस्स! वहिनींनी पाठ फिरवून डोळे पुसले, आणि वर्षभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या.

आता कुणी विचारलं, की मी फार गंभीरपणे सांगतो, "दुखायची वाट बघू नये. न घाबरता तपासून घ्यावं." समोरचा माझ्या धैर्याचं कौतुक करू लागतो, तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज येतो, "हो ना! सुई बघून भावजींनी आत्यांचा हात असा आवळला, की त्या हाताचापण फोटो काढावा लागला!"