दोन पलंगांची रूम

हॉटेलची रूम म्हणजे काय, याबद्दल माझी समजूत साधी होती. ओळखपत्र दाखवायचं, किल्ली घ्यायची, पुढे कुणी काही विचारत नाही. तालुक्याच्या गावातून कॉलेजसाठी शहरात आलो, तेव्हा भाड्याची खोली दाखवण्याआधी प्रत्येक घरमालक आडनाव विचारायचा. ते ऐकलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. त्यामुळे कंपनीने प्रशिक्षणासाठी कोलकात्याला पाठवून न्यू टाउनच्या हॉटेलात उतरवलं, तेव्हा मी आईला फोन करून पांढऱ्या चादरींचं कौतुक सांगितलं. घरातला पहिला पदवीधर मी. कंपनीचे उपकार आजही मानतो.

रूम दोघांत होती. दोघंही मराठी, म्हणून इथल्या ऑफिसातल्या बंगाली मुलीने हौसेने आमची जोडी लावली होती. दुसरे गृहस्थ पुण्याच्या ऑफिसातले, वयाने बरेच मोठे.

"या, या. सकाळपासून हिंदी बोलून जबडा दुखला. बरं झालं, आपला माणूस भेटला."

खिडकीजवळचा पलंग त्यांनी मला देऊ केला. बायकोने दिलेल्या दशम्यांचा डबा उघडून पुढे सरकवला. मग गाव विचारलं. मग घर गावात कुठल्या बाजूला. मग आडनाव. मी सांगितलं.

"असं का," म्हणाले, डबा बंद केला आणि फोन घेऊन बाहेर गेले.

थोड्या वेळाने मला खाली बोलावलं. काउंटरपाशी ऑफिसातली ती मुलगी होती आणि हे. तिने हिंदीत विचारलं, "तुम्हा दोघांना वेगळ्या रूम हव्यात ना? दोघांची मागणी म्हणून ऑफिसला कळवते."

"मी मागितलेली नाही," मी हिंदीतच म्हणालो. "कारण यांना विचारा."

"काही नाही, फार घोरतो हा," ते हसून तिला म्हणाले.

"सर, आपण अजून एक रात्रही झोपलो नाही."

मुलगी हसली. तिला ती थट्टा वाटली. माझ्या आडनावाचा अर्थ त्या काउंटरवर आम्हा दोघांनाच कळत होता, आणि त्यांचा सगळा भरवसा त्यावरच होता. या विचाराने माझं डोकं फिरलं.

ते मराठीत पुटपुटले, "कशाला तमाशा? तुला अख्खी रूम मिळतेय. फायदाच आहे ना?"

मी तिला सरळ सांगितलं, "माझी जात कळल्यावर यांना रूम बदलायची आहे. ही मागणी यांच्या एकट्याची आहे. तसंच कळवा."

तिचं हसू गेलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते लिफ्टकडे बघत राहिले. त्यांना वरच्या मजल्यावर रूम मिळाली. मागणी त्यांच्या एकट्याच्या नावावर गेली.

ते बॅग घ्यायला आले. बॅग उचलून निघाले तेव्हा मी दारात उभा होतो. मला खेटल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं.

"जरा सरकता का?" आता अहोजाहो.

मी सरकलो नाही.